बंदूक, बातमी आणि आमची कात्री

नववीच्या वर्गाला मराठी शिकवताना वर्तमानपत्राचे कात्रण वापरायचे, ही सवय आम्हाला बी.एड.च्या सराव पाठांपासून लागली. उर्दू माध्यमाच्या आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकातली मराठी जमते; बातमीतली मराठी मात्र त्यांना परक्या घरासारखी वाटते. म्हणून दर शनिवारी एक कात्रण फळ्याशेजारी चिकटवायचे, मुलांनी त्यातले नवे शब्द वहीत उतरवायचे आणि समोर उर्दू अर्थ लिहायचा, असा आमचा शिरस्ता आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेतील लास वेगासच्या गोळीबाराचे कात्रण आम्ही असेच लावले होते. त्यात हल्लेखोरासाठी 'माथेफिरू' असा शब्द होता. मुलांनी अर्थ लिहिला, 'पागल, जुनूनी'. मागच्या बाकावरच्या एका मुलाने आपली आठवीची वही उघडली. तीत जून २०१६ मधल्या ऑर्लँडोच्या गोळीबाराचे शब्द होते. तिथे 'दहशतवादी' आणि त्यासमोर 'दहशतगर्द' असे लिहिलेले होते. मुलाने विचारले, "सर, दोघांनी बंदूकच चालवली ना? मग एकाचं डोकं फिरलं आणि दुसरा दहशतगर्द, असं का?"

आम्ही फळ्यावर एक म्हण लिहिली : आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. वर्ग हसला, तास संपला. चोख उत्तर दिल्याचे समाधान घेऊन आम्ही घरी आलो. ते उत्तर अर्धेच होते, हे पुढच्या काही वर्षांत कात्रणांची वही चाळताना ध्यानात आले. बंदुकीच्या बातमीतला पक्षपात त्या एका म्हणीत मावत नाही. आणि त्यात आम्ही स्वतःही कुठेतरी उभे आहोत. म्हणून हा लेख.

विशेषण कोणाला आणि कधी?

१ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास वेगासमध्ये चौसष्ट वर्षांच्या एका माणसाने हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून, खाली संगीताच्या कार्यक्रमाला जमलेल्या गर्दीवर हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. मृतांची संख्या पुढे ६० झाली. हा माणूस कोण होता, त्याला जुगाराचा नाद कसा होता, त्याचा शेजार काय म्हणतो, याची चर्चा कित्येक दिवस चालली. त्याच्या आधी, १२ जून २०१६ रोजी, ऑर्लँडोच्या नाइट क्लबमध्ये ४९ जण मारले गेले. तिथे हल्लेखोराचे नाव मुस्लिम होते. नाव कळताच चर्चा त्याच्या स्वभावावरून त्याच्या मजहबवर गेली.

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत जुम्याच्या नमाजसाठी आलेल्या लोकांवर गोळीबार झाला. ५१ जण शहीद झाले. त्यानंतर ब्रिटनच्या 'डेली मिरर' या दैनिकाने पहिल्या पानावर हल्लेखोराच्या बालपणाचा फोटो छापला आणि देवदूतासारखा गोड मुलगा, अशा अर्थाचे शब्द मथळ्यात घातले. त्याच मथळ्यात त्याला अतिउजवा खुनीही म्हटले होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही ऑर्लँडोच्या हल्लेखोराचे बालपण शोधायला त्याच दैनिकाच्या पहिल्या पानावर जागा नव्हती. तिथे त्याची ओळख आयसिसपासून सुरू झाली होती.

ही केवळ आमची कुरकुर नाही. अमेरिकेतील तीन संशोधकांनी २००६ ते २०१५ या काळात त्या देशात झालेले १३६ दहशतवादी हल्ले आणि त्यांच्या बातम्या तपासल्या. बंदूक, बाँब, जाळपोळ असे सर्व प्रकार त्यांत होते. बाकीच्या गोष्टी सारख्या धरल्या, तर हल्लेखोर मुस्लिम असलेल्या हल्ल्याला सरासरी ३५७ टक्के अधिक प्रसिद्धी मिळाली, असा निष्कर्ष त्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे आमच्या मुलाने एका बाकावर बसून जे टिपले, ते संशोधकांच्या मोजमापातही उतरले.

इथपर्यंत आमची म्हण बरोबर होती. पण आता दुसरी बाजू पाहू. दहशतवाद हा शब्द मृतांच्या आकड्यावरून ठरत नाही. राजकीय, धार्मिक किंवा वैचारिक हेतूने, लोकांना धाक बसावा म्हणून केलेली हिंसा, असा त्याचा ढोबळ अर्थ आहे. लास वेगासच्या तपासानंतर जानेवारी २०१९ मध्ये एफबीआयने सांगितले की, या हल्ल्यामागे एकच स्पष्ट असा हेतू सापडला नाही. उलट ऑर्लँडोच्या हल्लेखोराने हल्ला चालू असतानाच फोनवरून आयसिसशी निष्ठा जाहीर केली होती. त्याला दहशतवादी म्हटले, यात अन्याय काय झाला? आमच्या समाजात लास वेगासनंतर जो तो विचारत होता, "याला दहशतवादी का म्हणत नाहीत?" आम्हीही तेच विचारत होतो. त्या एका प्रकरणात आमचा प्रश्न चुकीच्या जागी पडला होता.

प्रश्न विचारायची खरी जागा चार्ल्स्टन ही होती. १७ जून २०१५ रोजी तिथल्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. वंशयुद्ध पेटवायचे होते, हा त्याचा हेतू लपलेला नव्हता. तरी त्याच्यावर केंद्र सरकारने जो खटला चालवला, तो द्वेषमूलक गुन्ह्यांचा होता, दहशतवादाचा नव्हता. आणि बातम्यांतही तो शब्द उच्चारताना जीभ अडखळत होती. हेतू स्पष्ट असूनही शब्द अडखळतो, तेव्हा पक्षपात सिद्ध होतो. हेतूच सापडलेला नसताना शब्द थांबतो, तेव्हा ती पत्रकाराची सावधगिरी असते. ही सावधगिरी सर्वांच्या वाट्याला सारखी यावी, एवढीच आपली मागणी असायला हवी. मालेगावच्या २००६ च्या बाँबस्फोटात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये दोषमुक्त केले. अटकेच्या दिवशी त्यांच्या नावापुढे कोणता शब्द होता आणि दहा वर्षांनी सुटकेची बातमी केवढी आली, हे वाचकांनी आठवून पाहावे. सावधगिरी न मिळणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

'माथेफिरू' या शब्दाबद्दलही एक बोलायचे राहते. त्याने खुन्याला सूट मिळते, असे आपण म्हणतो. पण तो शब्द खरा मारतो कोणाला? ज्यांना मनाचा आजार आहे आणि ज्यांनी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही, अशा बहुसंख्य रुग्णांना. म्हणजे गुन्हा एकाचा, गाजावाजा दुसऱ्याचा आणि बदनामी तिसऱ्याची.

बातमीतून बंदूक कुठे गेली?

विशेषणाच्या या भांडणात एक गोष्ट गुपचूप निसटते. ती म्हणजे खुद्द बंदूक. ऑर्लँडोचा हल्लेखोर सुरक्षारक्षक म्हणून नोकरी करत होता. त्याच्याकडे त्या कामासाठी शस्त्राचा परवाना होता आणि हल्ल्यात वापरलेल्या बंदुका त्याने थोड्याच दिवसांपूर्वी दुकानातून कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या. इस्लाम, आयसिस आणि स्थलांतरित यांच्या चर्चेत हे दुकान दिसेनासे झाले. चार्ल्स्टनच्या मारेकऱ्याला खरे तर पिस्तूल मिळायलाच नको होते. पूर्वतपासणीत चूक झाली, असे एफबीआयच्या प्रमुखांनी जुलै २०१५ मध्ये मान्य केले. ही कबुली किती जणांना आठवते? माणूस दहशतवादी ठरला की दोष धर्माकडे जातो, माथेफिरू ठरला की दोष मेंदूकडे. दुकानदार, परवाना, तपासणी आणि कायदा यांच्यापर्यंत बोट पोचतच नाही.

न्यूझीलंडमध्ये ते पोचले. क्राइस्टचर्चनंतर महिना उलटायच्या आत, १० एप्रिल २०१९ रोजी, तिथल्या संसदेने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणारा कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी संमत केला. पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी खुन्याचे नाव घ्यायचे नाही, असे ठरवले. तिथल्या प्रमुख वृत्तसंस्थांनी खटल्याचे वार्तांकन कसे करायचे, याचे नियम एकत्र बसून आखले. पुढे शाही आयोगाचा अहवाल डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हल्लेखोराला परवाना देताना पोलिसांनी पुरेशी काळजी घेतली नाही, हे त्यात नोंदवले आहे. गुप्तचर यंत्रणांचे लक्ष इस्लामी अतिरेकावरच प्रमाणाबाहेर एकवटले होते, हेही त्यात आहे. आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू या एका अहवालात भेटतात. नजर एकाच कौमवर खिळली की दुसरीकडे परवाना सहज निघतो.

जी बातमी होत नाही

आता आकड्यांकडे येऊ. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या आणि २०,९५८ खून. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यूंत गोळी झाडणारा आणि मरणारा माणूस एकच. सार्वजनिक ठिकाणी शिरून बेछूट गोळीबार करणाऱ्यांच्या हातून, एफबीआयच्या व्याख्येनुसार, त्या वर्षी १०३ जण मेले. व्याख्या सैल केली तर हा आकडा काहीशेवर जातो, तरी एकूण मृत्यूंत तो थोडाच राहतो. पण आमच्या वहीतली अमेरिकेची सगळीच्या सगळी कात्रणे याच प्रकारची आहेत.

आत्महत्येच्या बातम्या जपून द्याव्यात, असे संकेत आहेत आणि ते योग्यच आहेत. एकेका मृत्यूचा तमाशा नकोच. पण घरात बंदूक असली की निराशेच्या एका घडीला परतीचा रस्ता उरत नाही, हे सार्वजनिक आरोग्याचे सत्य तमाशा न करताही सांगता येते. हे सत्य शोधण्याचे कामच मंदावले होते. १९९६ साली अमेरिकी संसदेने रोगनियंत्रण केंद्राच्या निधीवर एक अट घातली की, तो बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरायचा नाही. संशोधनाला बंदी नव्हती, पण अधिकाऱ्यांनी धसका घेतला आणि संशोधन आटले. या कामासाठी पुन्हा अडीच कोटी डॉलर मंजूर व्हायला २०२० चे अंदाजपत्रक यावे लागले. वीस वर्षांहून अधिक काळ आकडाच कमी, तर बातमी येणार कुठून?

हत्यारांच्या बाबतीतही तेच. वर्तमानपत्रात फोटो येतो एआर १५ या काळ्या, लष्करी दिसणाऱ्या रायफलीचा. पण २०२० साली अमेरिकेतील बंदुकीने झालेल्या ज्या खुनांची माहिती उपलब्ध आहे, त्यांतल्या ५९ टक्के खुनांत पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर होते. सर्व प्रकारच्या रायफली मिळून ३ टक्के. मोठ्या संहारांत रायफल पुन्हा पुन्हा दिसते, हेही खरे. पण रोज मरणाऱ्याला मारते ती खिशात मावणारी वस्तू, आणि तिचा फोटो कोणी छापत नाही.

बंदूकवाल्याची तक्रार

इथे अमेरिकेतल्या सामान्य बंदूकवाल्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. प्यू या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीनुसार तिथल्या प्रौढांपैकी ३२ टक्के लोकांकडे स्वतःची बंदूक आहे. त्यांत शिकारी आहेत, शेतकरी आहेत, एकट्या राहणाऱ्या बायका आहेत. त्यांची तक्रार अशी : आमच्यापैकी कोट्यवधी लोक कोणाला काही करत नाहीत, पण बातमीत आमच्या जातीचा माणूस दिसतो तो फक्त खुनी म्हणून. कुठे गोळीबार झाला की जाब आम्हाला विचारतात. बातमी लिहिणाऱ्याला बंदुकीची माहितीही नसते. एआर म्हणजे हल्ल्याची रायफल असे त्याला वाटते. वास्तविक ती अक्षरे आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावातली. अर्धस्वयंचलित बंदुकीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, मशिनगनमध्ये चाप धरून ठेवला तर गोळ्या सुटतच राहतात, हा फरकही तो करत नाही.

हा फरक किरकोळ नाही. लास वेगासच्या मारेकऱ्याने बंप स्टॉक नावाचे जोडसाधन वापरले होते. त्याने अर्धस्वयंचलित बंदूक जवळजवळ मशिनगनच्या वेगाने चालते. सरकारने २०१९ पासून त्यावर बंदी आणली. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली, कारण कायद्यातल्या 'मशिनगन' या शब्दाच्या व्याख्येत हे साधन बसत नाही. साठ माणसांच्या मरणानंतर आलेली बंदी एका शब्दाच्या अर्थावर उडाली. भाषा शिकवणाऱ्या माणसाला यापुढे शब्दांचे महत्त्व वेगळे काय सांगावे?

वाचकहो, ती तक्रार पुन्हा एकदा वाचा. एकाने गुन्हा करायचा आणि जाब सगळ्या जमातीने द्यायचा. आपला चांगला माणूस बातमीत कधीच नाही, वाईट माणूस मात्र रोज. लिहिणाऱ्याला आपल्याबद्दल धड माहितीही नाही. हे वाक्य आपण कुठे ऐकले? आपल्याच ओट्यावर, आपल्याच तोंडून. सुक्याबरोबर ओलेही जळते, याचा अनुभव ज्याला आहे, त्याने दुसऱ्याच्या ओल्या लाकडाकडे तरी नीट पाहावे.

मात्र हे साम्य एका हद्दीपर्यंतच चालते. बंदूक विकत घ्यावी लागते, ती परतही करता येते. ती घरात असल्याने घरातल्यांचा धोका वाढतो, हे मोजलेले सत्य आहे. जन्माने मिळालेल्या ओळखीचे तसे नाही. म्हणून बंदूकवाल्याची बदनामी होऊ नये असे म्हणताना, बंदुकीची चौकशी होऊ नये असे आम्ही म्हणत नाही.

शिवाय बंदूकवाल्यांतही आपले आणि परके आहेत. १९६७ साली कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय ब्लॅक पँथर्स भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा त्या राज्याने भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरण्यास मनाई करणारा कायदा केला. त्यावर सही करणारे राज्यपाल होते रोनाल्ड रेगन. पुढे ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात पोलिसांनी फिलांडो कॅस्टिल या कृष्णवर्णीयाची गाडी थांबवली. तो बत्तीस वर्षांचा होता आणि एका शाळेच्या भोजनगृहात काम करायचा. मुलांची नावे आणि कोणाला दूध चालत नाही, हे त्याला पाठ होते, असे त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितले. त्याच्याकडे परवान्याची बंदूक होती आणि ते त्याने स्वतः होऊन अदबीने सांगितले. काही सेकंदांत अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. तो मेला, अधिकारी पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. बंदूकवाल्यांची सर्वांत मोठी संघटना असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशनने दोन दिवसांनी निवेदन काढले. त्यात त्याचे नाव नव्हते.

अशा घटनांना अमेरिकी बातम्यांत 'अधिकाऱ्याचा समावेश असलेला गोळीबार' अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ होता. व्याकरण शिकवणारा माणूस इथे थबकतो. कर्ता कुठे आहे? गोळी कोणी झाडली? गोळीबार झाला, अधिकारी त्यात होता, जणू पावसात सापडला. असोसिएटेड प्रेसने २०२० मध्ये आपल्या पत्रकारांना हा प्रयोग टाळायला सांगितले. आपल्याकडेही 'गोळीबारात ठार' एवढे लिहून कर्त्याला सोडून देण्याची पद्धत आहेच.

घरोघरी मातीच्या चुली

आणि आता आमचे स्वतःचे. हा लेख लिहायला बसलो तेव्हा कात्रणांची वही मोजली. क्राइस्टचर्चची अकरा कात्रणे निघाली, उर्दू सात, मराठी चार. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ज्यू प्रार्थनास्थळात ११ भाविकांना गोळ्या घालून मारले. त्याचे एकही कात्रण नाही. वर्तमानपत्रांत बातमी आली नव्हती काय? आली होती, आम्ही वाचली होती, आम्हाला आठवते. तीही इबादतगाह होती, तेही लोक इबादतीला बसले होते, मारणाराही द्वेषानेच आंधळा झालेला. पण त्या शनिवारी आम्ही दुसरेच काहीतरी कापून फळ्याशेजारी लावले.

त्या गोळीबारानंतर अमेरिकेतल्या मुस्लिमांनी दोन लाख डॉलरहून अधिक निधी उभा करून मृतांच्या आणि जखमींच्या कुटुंबांना दिला, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले. त्यांनी जी बातमी आपली मानली, ती आम्ही कापलीसुद्धा नाही. संपादकाचा पक्षपात शोधत आम्ही वर्षानुवर्षे पाने उलटत होतो. आमच्या वर्गातल्या तीस मुलांचे संपादक तर आम्हीच होतो.

तेव्हापासून शनिवारच्या तासाला आम्ही थोडी दुरुस्ती केली आहे. बातमी बंदुकीची असेल, तर मुलांनी प्रथम हल्लेखोराचे नाव आणि विशेषण झाकायचे. मग वहीत पाच गोष्टी लिहायच्या : गोळी कोणी झाडली, कर्ता वाक्यात आहे का? बंदूक कुठली आणि ती त्याच्या हातात आली कशी? हेतू तपासातून कळला आहे, की लिहिणाऱ्याने गृहीत धरला आहे? मेले ते कोण होते, त्यांची नावे आहेत का? आणि याच प्रकारची कोणती घटना आपण या वहीत चिकटवलेली नाही? हे झाल्यावर झाकलेला शब्द उघडायचा आणि तो बरोबर बसतो का, ते ठरवायचे. कधी बसतो, कधी बसत नाही. बसला तर तसे कबूल करायचे, मग नाव कोणाचेही असो.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता मोठा झाला असेल. त्या दिवशी आम्ही त्याला एक म्हण दिली आणि त्याला वाटले, उत्तर मिळाले. कुठे भेटला तर त्याला सांगायचे आहे की बाबा, तुझा प्रश्न बरोबर होता. पण बाब्या आणि कार्टं ठरवणारी कात्री फक्त त्यांच्या हातात नाही. पिट्सबर्गचे कात्रण आम्ही यंदा वाचनालयातल्या जुन्या अंकावरून हाताने उतरवून घेतले आणि वहीत त्याच्या जागी लावले आहे.